सदतीस वर्षांचा अनुभव

ऑर्डर घेताना काका दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. वही नाही, पेन नाही. किंचित पुढे झुकून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि सगळ्यांचं सांगून झालं की एकदाच मान हलवून आत जायचे. आम्ही चौदा जण असलो तरी तेच. नवा माणूस हमखास बेचैन व्हायचा आणि विचारायचा, "लिहून नाही घेत?" काका म्हणायचे, "लिहायला लागलं की माणूस ऐकायचा थांबतो."

असा एखादा वेटर तुम्हीही पाहिला असेल. त्याच्यासमोर आपण जरा नीट बसतो, फोन खाली ठेवतो आणि ऑर्डर चुकली तर ती आपणच चुकवली असं वाटतं.

चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर, एका मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर ते रेस्टॉरंट होतं. शुक्रवारी दुपारी आमची पुण्या-मुंबईची पलटण तिथं जेवायला जायची. काका मराठी आहेत हे आम्हाला बरेच दिवस ठाऊक नव्हतं. एकदा आम्ही आपसात दाल मखनीला नावं ठेवत होतो. कुणीतरी म्हणालं, ही गेल्या आठवड्यातली दिसते. मागून आवाज आला, "नाही साहेब, ही आजची आहे. गेल्या आठवड्यातली तुम्ही गेल्या आठवड्यातच संपवलीत." आणि काका नान ठेवून निघून गेले. त्या दिवशी आम्ही दाल चाटूनपुसून खाल्ली.

मग ओळख वाढली. काका मूळचे वेंगुर्ल्याचे. बाविसाव्या वर्षी जहाजावर स्टुअर्ड म्हणून लागले, चार-पाच वर्षं समुद्रावर काढली आणि सिंगापूरला उतरले ते इथलेच झाले. हॉटेलांत, क्लबांत, मग या रेस्टॉरंटात. लग्न इथल्याच एका तमिळ बाईंशी झालं, त्या वारून सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. काका या देशाचे नागरिक होते, आम्ही सगळे नोकरीच्या पासवर आलेले पाहुणे. तरी ओशाळल्यासारखे आम्हालाच म्हणायचे, "माझं मराठी जुनं झालंय. समजून घ्या."

आमच्यातल्या एकाला प्रत्येक गोष्टीची चाचणी घ्यायची खोड होती. सॉफ्टवेअर तपासणं हे कामच होतं त्याचं. एका शुक्रवारी ऑर्डर दिल्यावर त्यानं आम्हा सगळ्यांच्या जागा बदलल्या. काका ताटं घेऊन आले, टेबलाकडे एकदा बघितलं आणि ज्याचं ताट त्याच्यापुढे ठेवत गेले. जैन जेवण जैनापुढे, बिनकांद्याचं बिनकांद्यापुढे. जाता जाता त्या खोडकराला म्हणाले, "मी खुर्ची लक्षात ठेवत नाही. माणूस ठेवतो."

माझ्या बायकोला एकदा मी तिथं घेऊन गेलो होतो. तिनं नेहमीचा मसाला चहा नको म्हटलं. काकांनी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं न सांगता लिंबूसरबत आणून तिच्यापुढे ठेवलं आणि मला म्हणाले, "पुढच्या वेळी कोपऱ्यातलं टेबल घ्या. तिथं तंदूरचा वास येत नाही." आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. ही बातमी तोवर आम्ही पुण्याला आईलासुद्धा कळवली नव्हती.

मग मॉलचं नूतनीकरण निघालं, जागेचा करार संपला आणि रेस्टॉरंट बंद झालं. मालक वाईट नव्हता. त्यानं शेवटच्या दिवशी सगळ्यांना जेवू घातलं आणि तो स्वतः चेन्नईला निघून गेला. काका तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते.

पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी ते टँपिनीसला आमच्या घरी आले. हातात प्लास्टिकचं फोल्डर, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. बाहेर भेटले की ते मला अरे-तुरे करायचे. म्हणाले, "तुम्हा लोकांना ते बायोडाटाचं चांगलं जमतं. मला एक करून दे. आजवर कधी लागलाच नाही. एकानं दुसऱ्याकडे पाठवायचं, की झालं."

मी लगेच आणखी दोघा मित्रांना बोलावून घेतलं. आमच्या धंद्यात बायोडाटा लिहिण्याची एक ठरलेली पद्धत आहे. नावाखाली पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत एकूण अनुभव किती वर्षांचा ते लिहायचं. आकडा जितका मोठा तितकी छाती पुढे. आम्ही तिघांनी मिळून काकांचा बायोडाटा तसाच केला. माथ्यावर ओळ घातली: खाद्यसेवेतला सदतीस वर्षांचा अनुभव. खाली जहाज, दोन हॉटेलं, क्लब, रेस्टॉरंट, सगळं सालांसकट. आम्हाला स्वतःचाच अभिमान वाटला.

काका वाचून जरा घुटमळले. "दारातच सगळा मेनू सांगायचा का रे? आधी माणसाला बसू तर दे."

"काका, हल्ली असंच असतं," मी म्हणालो. "पहिल्या ओळीतच समोरचा गार झाला पाहिजे."

समोरचा खरोखरच गार होत गेला. पुढचे चार महिने काका रेस्टॉरंटं फिरत होते. सिटी हॉल झालं, ऑर्चर्ड झालं, ईस्ट कोस्ट झालं. दर आठवड्याला फोन करायचे आणि मी विचारलं की ठरलेलं उत्तर द्यायचे, "बघतो म्हणालेत." एका ठिकाणी त्यांना टीम तरुण आहे असं सांगण्यात आलं. एका ठिकाणी म्हणे ऑर्डर टॅबलेटवर घेतात, तुम्हाला जमेल का? काका म्हणाले, "टॅबलेट शिकायला दोन दिवस लागतील. माणूस ओळखायला त्यांना किती लागतील?" हे ते मला म्हणाले. तिथं ते गप्पच बसले असणार.

बुओना व्हिस्टाच्या एका नव्या रेस्टॉरंटात मी त्यांच्याबरोबर गेलो. मला वाटलं, सोबत कुणी शिकलेलं असलं तर फरक पडेल. हा माझा पुणेरी भ्रम. मॅनेजर अठ्ठावीस-तीसचा, हसरा, इथलाच. काकांना त्यानं खुर्ची ओढून दिली, पाणी मागवलं, बायोडाटा हातात घेतला आणि पहिली ओळ वाचून तिथंच थांबला. मी बघत होतो. त्याचे ओठ हलले. तो बेरीज करत होता.

"अंकल, सदतीस वर्षं! वाह," तो इथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत म्हणाला. "पण इथं लंचला एकदम क्रेझी लाह. दोन वाजेपर्यंत पळापळ. तुम्हाला त्रास होईल."

"मी पळत नाही," काका म्हणाले. "पळावं लागत नाही मला."

तो हसला. "अंकल, मला तुम्ही आवडलात. टेबलं साफ करायला माणूस हवाय. टायमिंग सोपं, बोलायचं काही टेन्शन नाही. घ्याल का?"

काकांनी थोडा विचार केला, आभार मानले आणि उठले. रस्त्यावर आल्यावर मी संतापून काहीबाही बोलत होतो. ते म्हणाले, "खरकटं उचलायला माझी हरकत नाही. आयुष्यभर उचललंय. पण नुसतं उचलणाऱ्याशी कुणी बोलत नाही रे. मला गिऱ्हाईकाशी बोलायचं काम पाहिजे. दुसरं काही नको."

एवढंच मागत होते ते. आणखी काही वर्षं कुणीतरी आपल्याला काय खायचंय ते सांगावं आणि आपण ऐकावं.

मी ऑफिसात बसून कायदा वाचून काढला. चिडलेला इंजिनीयर दुसरं काय करणार. मग रजा टाकून काकांना घेऊन सरकारी कचेरीत गेलो. काउंटरवरची अधिकारी तरुण मुलगी होती, शांतपणे ऐकून घेणारी.

"यांना वयामुळे कुणी कामावरून काढलं का?" तिनं विचारलं. "बासष्टच्या आत वयामुळे काढता येत नाही. तो कायदा आहे. बासष्टनंतरही माणूस धडधाकट असेल तर पासष्टपर्यंत पुन्हा कामावर घ्यायला मालकानं विचारावं लागतं."

"काढलं नाही. रेस्टॉरंटच बंद झालं."

"मग आता प्रश्न नव्यानं घेण्याचा आहे. त्याला कायदा नाही, मार्गदर्शक तत्त्वं आहेत. जाहिरातीत वय लिहिलं होतं?"

"नाही."

"फॉर्ममध्ये विचारलं?"

"नाही."

"मॅनेजर वयाबद्दल काही बोलला?"

मी जोरात म्हणालो, "अंकल म्हणाला."

तिनं माझ्याकडे दयेनं बघितलं. "सर, इथं मीसुद्धा यांना अंकलच म्हणणार." आणि खरंच म्हणालीही. "अंकल, पुरावा असेल तर आम्ही त्यांना बोलावून समज देऊ शकतो. प्रकरण गंभीर निघालं तर परदेशी माणसं आणायची त्यांची मुभा कमी होते. पण पुरावा लागतो."

परदेशी माणूस म्हणून मीच तिच्यासमोर उभा होतो, खिशात पास घेऊन. आधीच कामावर असलेल्याला कायद्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. दाराबाहेर उभ्या असलेल्याला मात्र तो नुसती चांगली वागणूक मिळावी अशी इच्छा व्यक्त करत होता. ती बिचारी काय करणार? तिनं काकांचा बायोडाटा मात्र नीट वाचला आणि विचारलं, "हा कुणी केला?"

काकांनी मोठ्या कौतुकानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही वरची ओळ काढा," ती हळूच म्हणाली. "फक्त शेवटची दहा वर्षं ठेवा. या ओळीनं वय न विचारता कळतं."

परतताना एमआरटीच्या गाडीत मी तोंड वर केलं नाही. चार महिने काका आमच्या हुशारीची पाटी गळ्यात अडकवून फिरत होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी त्यांनाच शिकवलं होतं.  स्टेशनवर उतरताना काकाच म्हणाले, "चूक नाही तुझी. तुमच्यात मोठा आकडा चालतो. आमच्यात चालत नाही, हे मलाही कुठं माहीत होतं?"

संध्याकाळी घरी बसून मी एकेक ओळ खोडत गेलो. ते शेजारी खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघत होते. क्लब गेला. मोठं हॉटेल गेलं, जिथं म्हणे एकदा त्यांनी एकट्यानं दोनशे माणसांची पंगत सांभाळली होती. मग शेवटची ओळ आली.

"जहाजपण काढलंस?"

"काढावं लागेल काका."

"काढ," ते म्हणाले. "त्यातली माणसंही आता राहिली नसतील." बायको आतून चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी कप हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

नव्या बायोडाटावर दोन ठिकाणी बोलावणं आलं. दोन्ही ठिकाणी त्यांना समोर बघितल्यावर "बघतो" म्हणाले.

आता मला माझ्याबद्दल सांगायचं आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटते.

त्याच वर्षी आमच्या कंपनीला रेस्टॉरंटांसाठी नोकरभरतीचं ॲप बनवायचं काम मिळालं. अर्ज फोनवर भरायचा, छाननी ॲपनं करायची. त्या भागाचा प्रमुख मी होतो. फॉर्ममध्ये वय नाही, जन्मतारीख नाही, फोटो नाही. सगळं तत्त्वांना धरून. पहिल्याच बैठकीत त्याबद्दल आमचं कौतुक झालं. मग गिऱ्हाईक कंपनीच्या बाईंनी एक छोटा बदल सुचवला. अनुभवाच्या चाळणीत कमीत कमी वर्षं होतीच, तिथंच जास्तीत जास्त वर्षंही टाकता यावीत.

"जास्तीत जास्त कशाला?" आमच्यातल्या एकीनं विचारलं.

"फार अनुभवी माणसं टिकत नाहीत," बाई म्हणाल्या.

मी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, काकांची आठवण मला तेव्हा झाली नाही. ते काम अर्ध्या दिवसाचं होतं, मी जेवणाआधी संपवलं. काकांची आठवण झाली ती दोन दिवसांनी, नकाराचा निरोप लिहिताना. गिऱ्हाईक कंपनीनं दिलेला मजकूर फारच तुटक होता. मला वाटलं, काकांसारख्याला हा निरोप गेला तर काय वाटेल? म्हणून मी तो स्वतः नव्यानं लिहिला. आमच्याबरोबर काम करण्याची इच्छा दाखवलीत याबद्दल मनापासून आभार. आपला अनुभव आम्हाला आदरणीय वाटतो. या वेळी आपली भेट होऊ शकत नाही याचं वाईट वाटतं. सगळ्यांना तो फार आवडला. मलाही.

मधल्या काळात आम्हाला मुलगी झाली. काका चांदीचे लहानसे वाळे घेऊन येऊन गेले. नोकरीचं मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. मग त्यांचे फोन कमी झाले आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या मार्चमध्ये एका दुपारी आमच्या बिझनेस पार्कातल्या फूड कोर्टात मी एकटाच जेवत होतो. शेजारचं टेबल पुसायला एक माणूस आला. हिरवा टी-शर्ट, डोक्यावर टोपी, हातात फडकं, समोर ट्रेंची ढकलगाडी. काका होते. मी उभा राहिलो.

"बस, जेव," ते म्हणाले. "माशाची करी घेतलीस? ती आज बरी आहे."

मी म्हणालो, "तुम्हीपण बसा ना दोन मिनिटं."

"ड्युटीवर बसता येत नाही." त्यांनी लांबच्या सुपरवायझरकडे बघितलं आणि माझं टेबल पुसायला घेतलं, म्हणजे उभं राहता येईल. "तीन महिने झाले. काम ठीक आहे. लोक फोनमध्ये बघत जेवतात, वर बघत नाहीत. कालपर्यंत दोघंच बोलले. दोघांनी टॉयलेट कुठं ते विचारलं."

 त्यांनी खिशातून फोन काढला.

"तुला एक दाखवायचं होतं. मी अजून अर्ज करतोच. हल्ली ॲपवर असतं. त्यात किती वर्षांचा अनुभव म्हणून विचारलं होतं. बायोडाटात कमी लिहिलं ते ठीक, पण सरळ विचारल्यावर खोटं कसं लिहायचं? सदतीस लिहिले. बाकीचे लोक तर उत्तरसुद्धा देत नाहीत. यांनी बघ."

मी फोन हातात घेतला. पहिल्या तीन शब्दांनंतर मला पुढचं वाचावं लागलं नाही.

"अर्ज पाठवला आणि चहा ठेवला," काका म्हणाले. "चहाला उकळी यायच्या आत उत्तर आलं. म्हणजे तिथं कुणीतरी बसून लगेच वाचलं. नकारच आहे, पण भाषा किती सभ्य आहे बघ. आपला अनुभव आदरणीय वाटतो म्हणे. असं मला इतक्या वर्षांत कुणी लिहून दिलं नाही. मी पुसलेलं नाही ते. कुणीतरी चांगल्या घरचं माणूस असणार."

"हो काका," मी म्हणालो.

दुसरं काही मी बोललो नाही. सांगता आलं असतं. सगळा गुन्हा माझ्या तोंडाशी आला होता आणि समोर माझी करी गार होत होती. लांबून सुपरवायझरनं "अंकल" म्हणून हाक मारली. काकांनी फोन खिशात ठेवला, माझं जेवण अर्धवट राहिलंय हे बघून ट्रे तसाच राहू दिला आणि गाडी ढकलत पुढच्या टेबलाकडे गेले. तिथं एक मुलगा फोनवर व्हिडिओ बघत जेवत होता. काकांनी त्याच्यापुढची रिकामी वाटी उचलली, तेव्हा त्यानं कोपर तेवढं बाजूला केलं.

दुसऱ्या दिवसापासून मी घरून डबा नेऊ लागलो. चौथ्या मजल्यावर माझ्या टेबलाशीच खातो. फूड कोर्टात मी त्यानंतर गेलेलो नाही, त्यामुळे काका अजून तिथं आहेत की नाहीत ते मला सांगता येणार नाही. बायको खूश आहे. तिला वाटतं, मला शेवटी घरच्या जेवणाची चव कळली.